पोटातलं लुगडं

सुनीतीच्या पत्र्याच्या डबीत चोवीस टाचण्या होत्या, आणि चोवीसच्या चोवीस परत डबीत पडल्याशिवाय ती मशीनवरून उठत नसे. तेवीस भरल्या की संपलंच. चटई उलटायची, पाळण्यातलं दुपटं झटकायचं, आठ महिन्यांच्या वृंदाची मूठ उघडून बघायची, तिच्या तोंडात बोट घालून जिभेखाली चाचपायचं. आणि एवढा सगळा खटाटोप झाल्यावर ती चोविसावी टाचणी सुनीतीच्याच पदराला टोचलेली सापडायची.

"शाळेत साठ पोरं सांभाळतो मी," माधव म्हणायचा, "पण एवढी हजेरी मी घेत नाही."

"तुमची पोरं कुणी गिळत नाही," ती म्हणायची.

तिचा स्वभावच धसका घेण्याचा. वृंदा झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा, जागी झाली की का जागी झाली म्हणून काळजी. शिंकली तर सर्दी, नाही शिंकली तर नाक चोंदलं असेल. बी.ए.पर्यंत शिकलेली मुलगी. आपण उगाच घाबरतो हे तिला कळायचं, पण कळलं म्हणून भीती थोडीच जाते? ती जायची फक्त मशीनवर बसल्यावर. पाय हलू लागले, चाक फिरलं, सुईखालून कापड सरकू लागलं की छातीतली धडधड हळूहळू त्या तालात मिसळायची आणि मग वेगळी ऐकूच यायची नाही.

कासार आळीच्या मागच्या बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. सुनीती कल्याणची, लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस ती डोकं धरून बसली होती. आता तिला लूम चालू असल्याचं ऐकू येत नसे, बंद पडल्याचं ऐकू यायचं. वीजकपातीच्या दिवसांत दुपारी लाईट गेली की सगळे माग एकदम गप्प व्हायचे, आणि त्या शांततेनं दचकून बोळातली सगळी तान्ही पोरं एका सुरात रडायला लागायची. खटखटाटात जन्मलेली पोरं ती, त्यांना शांतताच खुपायची. अशाच एका दुपारी सुनीतीनं वृंदाला थोपटून पाहिलं, गाऊन पाहिलं, खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या. काही चालेना. शेवटी माहेराहून आणलेल्या पायमशीनवरचं झाकण काढून ती नुसतीच पाय मारत बसली. खट-खट-खट सुरू झालं आणि पोरगी गप्प. पण रिकामं मशीन किती वेळ चालवणार? तिनं हाताला लागलेल्या दोन चिंध्या एकमेकींवर ठेवून सुईखाली सरकवल्या. गोधड्यांचं सगळं तिथून सुरू झालं.

पहिली गोधडी तिनं स्वतःसाठी केली. कॉलेजात नेसलेल्या दोन विटक्या साड्या, माधवचा कॉलर गेलेला सदरा, आईचं जुनं परकराचं कापड. वीतभर लांब, वीतभर रुंद चौकोन कापायचे, जमिनीवर मांडायचे, उठून लांबून बघायचे, एखादा उचलून दुसरीकडे ठेवायचा, परत लांबून बघायचं. निळ्याशेजारी पिवळा ठेवला की निळा आणखी निळा का होतो हे तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आणि शिवताना चार चौकोनांची चार टोकं बरोबर एका ठिपक्यात येऊन भेटली, की तिला जो आनंद व्हायचा, तो बी.ए.ला दुसरा वर्ग मिळाला तेव्हाही झाला नव्हता. तिला वाटायचं, जगात एवढी एक गोष्ट तरी आहे जी आपण नीट केली की नीटच होते.

शेजारच्या गोदूबाईंनी ती गोधडी दांडीवर वाळताना पाहिली. "एवढी नक्षी अंगाखाली घ्यायची?" त्या म्हणाल्या. "मला तर बाई पाय ठेवताना लाज वाटेल." आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचं बोचकं घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांची झाली, त्यांच्या भाचीची झाली, मग शाळेतल्या दोन मास्तरांच्या घरच्या झाल्या. हातानं शिवायला महिना लागायचा ते मशीनवर आठवड्यात व्हायचं. जाड थरांसाठी तिनं बाजारातून अठरा नंबरच्या सुया आणल्या तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "भाभी, रजई सी रही हो या तंबू?"

लोकांची बोचकी सोडायला तिला फार आवडायचं. कुणाच्या घरी काय चाललंय ते माणसं सांगत नाहीत, कापडं सांगतात. डाव्या खांद्यावर विरलेलं लुगडं म्हणजे घागर त्या खांद्यावर. गुडघ्यात गेलेला लेंगा म्हणजे बसून काम. एकीच्या साडीच्या निऱ्यांना पानाच्या चुन्याचे डाग होते, आणि ती बाई तर सगळ्यांना सांगत फिरे की मी पान खात नाही.

राहीबाई आली ती दिवाळीनंतर. अंबाडीच्या अलीकडच्या एका गावची. आठवड्यातून दोनदा एस.टी.नं भाजी घेऊन मंडईत यायची आणि जाता-येता बोळातल्या घरांतून मेथीच्या जुड्या, वालाच्या शेंगा देऊन जायची. पन्नाशीची, काटक, बोलायला मोकळी. त्या दिवशी टोपलीत भाजीच्या वर एक गाठोडं होतं.

"मास्तरीणबाय, तू गोधड्या शिवतंस म्हनं?"

"शिवते ना. या, बसा."

राहीबाई उंबऱ्यावरच बसली. पोरीसाठी गोधडी हवी होती. पोरगी चंद्रा, सातवा महिना, माहेरी आणली होती. "बाळंतीन आनि पोर, दोगांना पुराया पाह्यजे," ती म्हणाली. मग जरा थांबून, भाजीच्या टोपलीकडे बघत म्हणाली, "पयलं ऱ्हायलं न्हाय तिचं. सवा महिन्याचं झालं आनि गेलं."

सुनीतीचा हात आपोआप पाळण्याच्या दोरीवर गेला.  राहीबाईनं गाठोडं सोडलं. नवऱ्याची दोन धोतरं, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. स्वतःची दोन लुगडी, एक तांबडं, एक जांभळ्या चौकड्याचं. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या घडीत, एक हिरवं लुगडं. गडद, आंब्याच्या पानासारखं हिरवं, त्याला लाल काठ.

"ह्ये आमचे म्हातारीचं. सासूचं माझ्या. शिमग्याला गेली." राहीबाईनं घडी दोन्ही हातांनी पुढे केली. "चंद्रीला तिनंच वाढवली, मी तर शेतावर. फाटलंय दोन जागी. ह्याला पोटात घाल, बाय."

"अहो, त्यात काय एवढं!" सुनीती म्हणाली. "फाटलेलं असणारच. तुम्ही काही मनात आणू नका."

राहीबाईनं मान हलवली. दोघींचंही समाधान झालं, आणि राहीबाई मंडईकडे गेली.

पुढचे दहा-बारा दिवस सुनीती त्या हिरव्या रंगात बुडून गेली होती. असा हिरवा तिच्या हाताखाली कधी आला नव्हता. फाटलेल्या दोन जागा आणि धुऊन धुऊन जाळी झालेला भाग सोडून तिनं नऊवारातून जेमतेम बत्तीस चौकोन काढले, आणि तांबड्याचे, जांभळ्याचे मिळून एकतीस. सात आडवे, नऊ उभे. एक हिरवा, एक दुसरा, एक हिरवा, एक दुसरा. लाल काठ तसाच अख्खा काढून भोवती फिरवला. वृंदा मशीनच्या आवाजात झोपायची, उठली की चटईवर बसून उरलेल्या पट्ट्या उधळायची. गोधडीची वरची बाजू पुरी झाली त्या दुपारी सुनीतीनं ती खाटेवर पसरली आणि चहा गार होईपर्यंत नुसती बघत राहिली. एकही टोक चुकलेलं नव्हतं. त्रेसष्ट चौकोन, आणि जिथे चार भेटतात तिथे प्रत्येक जागी नेमका एक ठिपका.

गोदूबाईंनी दारातूनच गालाला हात लावला. "अगं, ही काय गोधडी म्हणायची? हिला काचेत लावा!"

माधवनं शाळेतून आल्यावर चपला काढायच्या आधी ती पाहिली आणि म्हणाला, "तू हे कल्याणहून शिकून आलीस आणि मला सांगितलं नाहीस?" त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

मंगळवारी सकाळी राहीबाई आली. चंद्राला आठवा लागला होता.

"बघा," सुनीती म्हणाली, आणि खाटेवरची चादर बाजूला केली.

राहीबाई पुढे आली. तिनं पाहिलं. सुनीती तिच्या तोंडाकडे बघत होती. माणसांच्या तोंडाकडे बघण्याची तिला सवयच होती. डॉक्टर वृंदाला तपासताना काय बोलतो त्यापेक्षा त्याच्या भुवया काय करतात तिकडे तिचं लक्ष असायचं. राहीबाईच्या तोंडावर काहीच हललं नाही. आणि तेच वाईट होतं.

"छान केलंस गो," राहीबाई म्हणाली. "लय मेहनत केलीस." तिनं तांबड्या चौकोनावरून बोट फिरवलं, मग जांभळ्यावरून. मधला हिरवा तिनं ओलांडला. पुढचाही ओलांडला. मग कापडाची घडी घालायला लागली, चांगली बाजू आत करून.

"राहीबाई, काय चुकलं?"

"कुठं काय."

"तुम्ही हिरव्याला हात लावला नाहीत."

राहीबाई घडी हातात धरून उभी राहिली. मग खाली बसली, पाय पसरून, जशी ती कधी या घरात बसली नव्हती.

"तुला सांगितलं ना गो, पोटात घाल म्हनून."

"हो, म्हणून मी ते फाटलेलं..." सुनीती बोलता बोलता थांबली. तिचं तिलाच ऐकू आलं. पोटात घाल. माहेर कल्याणच्या मास्तरांचं, शिक्षण मराठी घेऊन बी.ए.; पोटात घालणं म्हणजे माफ करणं, दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. फाटकं लुगडं दिलं म्हणून ही बाई संकोचलीय, एवढंच तिला वाटलं होतं. गोधडीच्या मधल्या थराला तिच्या घरी 'भर' म्हणत. राहीबाईच्या घरी त्याला पोट म्हणत.

"आमच्याकडं गेलेल्या मानसाचं कापड वर घालीत न्हाय," राहीबाई सावकाश सांगू लागली. "वरून दिसाया नको. आत पाह्यजे. म्हंजे मानूस न्हाय दिसत, पन ऊब ऱ्हाते त्याची. मी म्हनलं, पयल्या टायमाला पोराजवळ म्हातारी नव्हती, सासरी होती पोरगी. ह्या टायमाला म्हातारी पोराच्या अंगाखाली असूं दे. मंग काय न्हाय व्हायचं त्याला." तिनं डोळे पुसले नाहीत, नाक ओढलं फक्त. "असूं दे. तुला काय ठावं. ही बी चांगली हाय. पावन्याला घालू."

"मी उसवते," सुनीती घाईनं म्हणाली. "सगळे हिरवे काढते, परत एकमेकांना जोडते, लुगड्यासारखं करते आणि आत..."

"तोडलेलं परत तोडू नको गो बाय." राहीबाई उठली, टोपली डोक्यावर घेतली. "मंडईला जाते. येताना बघू."

ती गेल्यावर सुनीतीनं वृंदाला मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. मागे बत्तीस लूम चालू होते. एका सवा महिन्याच्या पोराचा विचार तिच्या मनातून हलेना. तिनं तिच्या आयुष्यातला किती वेळ नाकाखाली बोट धरून घालवला होता! राहीबाईला बोट धरायचं नव्हतं, तिला पोराच्या अंगाखाली म्हातारी ठेवायची होती. दोन्ही एकच. आणि तेवढी एक गोष्ट आपल्या हातानं कापली गेली, तीही मोठ्या आनंदात.

माधव जेवायला घरी आला. तिनं सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग तिचं तोंड बघून हसू आवरलं.

"अगं, गेल्या चाचणीत मी हाच वाक्प्रचार घातला होता. एका पोरानं वाक्यात उपयोग केला, 'आईने कापूस गोधडीच्या पोटात घातला.' मी शून्य दिलं."

"कुठला मुलगा?"

"काल्हेरकडचा, खेड्यातला आहे एक." तो भातावर आमटी घेत म्हणाला. "आता त्याचे गुण वाढवायला हवेत."

सुनीतीनं ताट तसंच ठेवलं. कापूस पोटात घातला. पोटात कापूस असतो, जुनं धोतर असतं, फाटकी चादर असते. पोटात काय काय असतं. मग नक्षी का असू नये? वरचं आत जाऊ शकतं. काहीच उसवायला नको. या सगळ्या त्रेसष्ट चौकोनांवर एक कोरं मांजरपाट घालायचं, खाली धोतराचं अस्तर, आणि मधे हे सगळं, काठासकट. हिरवं पोटात गेलं की झालं.

गोदूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "वेडी का खुळी तू? एवढी नक्षी झाकून टाकायची? अगं, तिला साधी दुसरी शिवून दे चार दिवसांत. ती काय भांडणार आहे? आणि ही तू ठेव. वृंदाच्या लग्नात दाखवशील."

खोटं कशाला बोला, सुनीतीचं मन क्षणभर तिकडे गेलं. तिनं घडी उलगडून परत एकदा बघितलं. यापुढे ती कितीही गोधड्या शिवेल, पण असा हिरवा येईल की नाही कोण जाणे, आणि आला तरी सगळी टोकं अशी भेटतील की नाही कोण जाणे. ही कुणालाही न दाखवता आत घालायची म्हणजे... तिनं घडी मिटली.

"नाही हो गोदूबाई. हिचं कापड तिचं आहे."

उन्हं कलताना राहीबाई मंडईतून परत आली. सुनीतीनं तिला समजावून सांगितलं, जमिनीवर तीन थर मांडून दाखवले. राहीबाई वाकून बघत होती.

"येवढं सगळं पोटात? मंग कुनाला दिसायचं न्हाय."

"दिसायला नकोच म्हणालात ना?"

"म्हनलं खरं." तिनं नक्षीकडे पाहिलं, मग सुनीतीकडे. "तुझी मेहनत जाईल."

"जाईल कुठं? आतच राहील."

 "तुकडं केल्यात पन तिचं," राहीबाई म्हणाली. "तिला कसं चालतंय देव जानं." आणि मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "म्हातारी तरी कुठं धड होती म्हना. वातानं पाय एकीकडं, कंबर एकीकडं. उठताना म्हनायची, सगळं गोळा करून दे गो माझं." ती हसली, आणि सुनीतीला सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. "घाल. पटलं तर ऱ्हाईल, न्हाय पटलं तर जाईल. परवा येते मी, धरू लागाया."

गुरुवारी ती दुपारच्या आधीच आली. भाजी गावातल्या दुसऱ्या बाईकडे दिली होती. चारची गाडी धरायची होती. चंद्रा घरी एकटी होती. सुनीतीनं मांजरपाट दोनदा धुऊन मऊ करून ठेवलं होतं. थर टाचले, गुंडाळी केली, आणि गोधडी मशीनच्या तोंडाशी आणली. केवढी जड! एका बाजूनं सुनीती ढकलत होती, दुसऱ्या बाजूनं राहीबाई ओढून घेत होती, आणि मधे सुई. पाळण्यात वृंदा झोपली होती.

"हळू. ओढू नका, नुसतं धरा."

"म्हशीचं रेडकू निघताना धरतात तसं ना? ठावं हाय."

वरून नक्षी आता दिसत नव्हती, पण सुनीतीला ती बघायची गरज नव्हती. अंगठा फिरवला की आतली शिवण लागायची, आणि ती त्याच रेषेवरून टाका नेत होती. पांढऱ्या मांजरपाटावर पांढरा दोरा. कुणी निरखून पाहिलं असतं तर त्याला एवढंच दिसलं असतं की चौकोनांच्या रेषा आहेत. आपल्यालाच ठाऊक असलेल्या रस्त्यानं जावं तसं तिला वाटत होतं. खालून नक्षी तिला वाट दाखवत होती. इतकं शांत तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.  मशीन चालू, मागे लूम चालू.

शेवटून दुसऱ्या ओळीत, जिथे चार सांधे एकावर एक आले होते, तिथे टक्क झालं.

सुई मोडली. वरचा अर्धा भाग मशीनमध्येच होता. टोक नव्हतं.

"दुसरी लाव," राहीबाई म्हणाली. "टाईम झाला."

"टोक?"

"पडलं असंल खाली."

सुनीतीनं खाली बसून सगळ्या फरशीवरून तळवा फिरवला. मशीनची फळी पुसली, चाकामागे बघितलं, स्वतःचा पदर झटकला, राहीबाईचा झटकला. टोक नव्हतं. साडेतीन वाजत आले होते.

"येवढंसं टोक गो. गाडी जाईल."

"जाऊ दे गाडी," सुनीती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या स्वतःच्याच ओळखीचा नव्हता. "तान्ह्या पोराच्या अंगाखाली जाणार आहे हे. मी देणार नाही."

तिनं गोधडी खिडकीशी नेली. ओळ हातभर उसवली. मग डोळे मिटून, मांजरपाट आणि नक्षी यांच्यामध्ये बोटं घालून, एकेक सांधा चाचपत गेली. पहिला, दुसरा. तिसऱ्या ठिकाणी, बरोबर चार टोकांच्या ठिपक्यात, काहीतरी टोचलं. तिनं ते चिमटीत धरून बाहेर काढलं. तांदळाच्या कणीएवढं, चकाकणारं. तिच्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

राहीबाई ते टोक तळहातावर घेऊन बघत राहिली.

"पयल्या टायमाला," ती म्हणाली, "असं बघनारं कुनी नव्हतं."

चारची गाडी गेली. सुनीतीनं नवी सुई घालून उसवलेली ओळ पुन्हा शिवली, शेवटची ओळ घातली, चारी बाजूंनी गोट मारला. चोवीस टाचण्या मोजून डबीत टाकल्या, मग अख्खी गोधडी दोन्ही बाजूंनी तळव्यानं परत एकदा चाचपली. पांढरी, साधी, थोडी ओबडधोबड गोधडी. दोघींनी ती चटईवर पसरली. राहीबाई तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावरची आठी काही जात नव्हती. काय शोधतेय ते सुनीतीला कळत होतं. पांढऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

पाळण्यात वृंदा चुळबुळली.

"आमच्याकडं," राहीबाई जरा अडखळत म्हणाली, "कोरी गोधडी तशीच न्हेत न्हाय. आधी लेकुरवाळीचं पोर निजवायचं तिच्यावर. तुझी पोर..." मग घाईनं, "न्हाय तर ऱ्हाऊ दे. तुमच्यात चालत नसंल."

सुनीतीनं पाळण्याकडे पाहिलं. गेलेल्या बाईचं लुगडं. तिचा विश्वास नव्हता असल्या गोष्टींवर. पण विश्वास नसलेल्या गोष्टींनाच तर ती सगळ्यात जास्त भ्यायची. तिनं गोधडीकडे पाहिलं. हिच्या आत काय आहे ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एकेक चौकोन तिच्या हातातून गेला होता. घागरीनं विरलेला खांदा, चुलीपुढे बसून करपलेला पदर, एका नातीला वाढवलेली मांडी. यात भ्यायचं कशाला?

तिनं वृंदाला उचललं आणि गोधडीच्या मधोमध ठेवलं.

वृंदानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. पालथी झाली. गाल मांजरपाटाला लावला, पाय पोटाशी घेतले, अंगठा तोंडात घातला, आणि मोठ्या समाधानानं गोधडी भिजवली.

"अगं बाई!" सुनीती पुढे झेपावली. "थांबा, मी आत्ता धुऊन..."

"हात लावू नको." राहीबाईनं तिचं मनगट धरलं. "बघ."

ओल पसरत होती. पातळ मांजरपाट भिजून अंगाला चिकटलं होतं आणि त्याच्याखालून रंग वर येत होता. आधी नुसती हिरवट झाक. मग ओल वाढली तसा एक अख्खा चौकोन, गडद, आंब्याच्या पानासारखा हिरवा. त्याच्या शेजारी तांबड्याची कडा, आणि पलीकडे दुसरा हिरवा, अर्धा.

राहीबाई गुडघ्यांवर बसली. तिनं हात पुढे केला आणि या वेळी हिरवा ओलांडला नाही. अख्खा तळवा त्या ओल्या जागेवर ठेवला.

"आत्ये," ती हळूच म्हणाली, "हायस व्हय गो हितं?" आणि मग सुनीतीकडे वळून, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू अशा तऱ्हेनं म्हणाली, "हाय. म्हातारी हाय. ऊबदार लागतंय बघ."

"ऊबदार लागणारच राहीबाई, आत्ता तर तिनं..."

"गप गो, शिकलेली मोठी!"

दोघी हसल्या. वृंदानं मान वर करून दोघींकडे बघितलं आणि तीही हसली, चार दात दाखवत.

धुवायला राहीबाईनं दिलंच नाही. "एस.टी.त वास येईल," सुनीती म्हणाली, तर म्हणे, "येऊ दे. लेकराचाच वास हाय." तिनं गोधडीची घडी घातली, ओली बाजू आत करून, आणि ती डोक्यावर न घेता दोन्ही हातांनी छातीशी धरली. सहाची गाडी वंजारपट्टी नाक्यावर मिळणार होती. बोळाच्या टोकाला तिनं एकदा वळून पाहिलं, पण हात हलवला नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.

सुनीती दारात उभी होती. वृंदा तिच्या कडेवर, ओल्या लंगोटातच, रस्त्यावरच्या हातगाड्या बघण्यात रमली होती. आणि तिला कोरडं करायचं सुनीतीला बऱ्याच वेळानं आठवलं.